आधी पॅराशूट, मग कॅमेरा



मी याच गावची लेक. आता अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहते, तिथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. परवा आपल्या बचत गटाच्या बैठकीला गेले, तर एका काकूंनी विचारलं, "काय गं, तू म्हणं इमानातनं उडी मारतीस आन् वरनं पिक्चर बी काढतीस. मग कॅमेरा धरतीस कंच्या हातात?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रेडिओच्या ताई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "याचं उत्तर आता रेडिओवरच द्या." म्हणून आज बोलते आहे.

काकू, कॅमेरा कुठल्याच हातात नसतो. तो डोक्यावर असतो, हेल्मेटला घट्ट बसवलेला. दोन्ही हात मोकळे लागतात. पडताना अंग सावरायचं ते हातापायांनी, आणि पॅराशूट उघडायचं तेही हातानंच.

आधी उडी कशी असते ते सांगते. विमान साधारण १३,००० फुटांवर नेतं, म्हणजे जवळजवळ चार किलोमीटर वर. दार उघडं असतं. आपण बाहेर पडतो आणि पोट खाली, हातपाय पसरलेले, असे मिनिटभर नुसते पडत राहतो. वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका सेकंदात पन्नास मीटरपेक्षा जास्त खाली. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ असतं. ठरलेल्या उंचीवर पाठीमागची एक छोटी छत्री हातानं ओढून वाऱ्यात सोडायची. ती मोठं पॅराशूट बाहेर ओढून काढते. ते नीट उघडलं नाही, तर ते सोडून द्यायचं आणि दुसरं, राखीव पॅराशूट उघडायचं. हे सगळं काही सेकंदांत. विचार करत बसायला वेळ नसतो. हात आपोआप चालावे लागतात.

म्हणूनच कॅमेरा पहिल्या दिवशी मिळत नाही. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस आहे की किमान २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावू नये. शिवाय जे पॅराशूट घेऊन चित्रीकरण करायचं, तेच घेऊन अलीकडच्या काळात निदान ५० उड्या झालेल्या असाव्यात.

माझ्या ६० उड्या झाल्या होत्या, तेव्हाच मी कॅमेरा मागितला होता. आईला दाखवायचं होतं, दुसरं काय! ढग कसे दिसतात, जमीन कशी दिसते. मी शिक्षकांना म्हटलं, "एवढासा तर कॅमेरा. दीडशे ग्रॅमचा. त्यानं काय होतंय?" ते म्हणाले, "वजनाचा प्रश्न नाही. तुझं लक्ष किती मोकळं आहे, हा प्रश्न आहे. अजून तुझं सगळं लक्ष उडीलाच लागतं. त्यातलं अर्धं कॅमेऱ्याला दिलंस, तर उडीला काय उरलं?"

मला राग आला होता. आज तो राग आठवला की लाज वाटते.

कॅमेऱ्यानं दोन धोके वाढतात. पहिला अडकण्याचा. दुसरा भान हरपण्याचा.

अडकण्याचा धोका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. माझी आई मळणी यंत्राजवळ जायच्या आधी पदर कमरेला खोचायची. मग यंत्र चालू असो की बंद. आम्ही पोरी ओढण्या घेऊन पुढं गेलो, तर हाताला धरून मागं ओढायची. गिरणीचा पट्टा, मोटारसायकलचं चाक, यात ओढणी गेली तर काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

आकाशातही तेच. पॅराशूट उघडतं तेव्हा त्याच्या दोऱ्या डोक्यामागून, खांद्यावरून सपकन वर जातात. हेल्मेटवर काही टोकदार, काही वर आलेलं असेल, तर दोरी त्यात अडकू शकते. दोरी अडकली की पॅराशूट नीट फुलत नाही. आणि त्याची ओढ येते ती सरळ मानेवर.

म्हणून हेल्मेट निवडताना कॅमेरा किती भारी, हे शेवटी बघायचं. आधी हात फिरवून बघायचं, दोरी कुठं अडकेल? कॅमेरा आणि हेल्मेट यांच्यामध्ये फट असेल तर ती बुजवायची. कोपरे, स्क्रूची डोकी झाकायची. लोंबणारी वायर ठेवायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हनुवटीखालचा पट्टा असा हवा, की एका हाताच्या एका ओढीत सुटावा. दोरी अडकलीच, तर हेल्मेट कॅमेऱ्यासकट टाकून देता आलं पाहिजे. ती ओढ जमिनीवर पुन्हा पुन्हा करायची, पूर्ण पेहराव चढवून करायची. कॅमेरा महाग असतो, हात कचरतो. त्या हाताला आधीच सांगून ठेवावं लागतं की वेळ आली तर टाकायचा.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन तुम्हाला ठाऊक असतील. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी २०१८ साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. तो फोटो मी आईला दाखवला. आई कौतुकानं बघत राहिली आणि मग म्हणाली, "काष्टा पक्का दिसतोय." मला हसू आलं, पण आईची नजर बरोबर जागेवर गेली होती. साडीचा एक काठ जरी वाऱ्यावर सुटला, तरी तो दोऱ्यांपर्यंत किंवा पॅराशूटच्या मुठीपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा नेसणं आधी पक्कं, मगच उडी.

आता दुसरा धोका, भान हरपण्याचा.

माझ्या २०० उड्या पुऱ्या झाल्या. हेल्मेट आलं. शिक्षकांनी पहिल्या उडीला कॅमेरा चालूच करू दिला नाही. म्हणाले, "एकटी जा, हेल्मेट घालून नुसती उडी मार. विमानाच्या दारातून बाहेर पडताना डोकं कुठं लागतंय का, वाऱ्यात मान कशी राहते, पॅराशूट उघडताना झटका कसा बसतो, ते बघ." त्यांचं म्हणणं खरं निघालं. उघडताना वेग एकदम कमी होतो आणि जोराचा हिसका बसतो. त्या क्षणी मान वाकडी करून काही टिपायला गेलं, तर मान दुखावते. डोकं सरळ, दोन्ही खांदे सारखे ठेवायचे.

मग दोन उड्या एका अनुभवी मैत्रिणीबरोबर, दोघीच. तिनं काहीही करामत करायची नाही, समोर स्थिर राहायचं. मी बाजूनं टिपायचं. तिच्या वर जायचं नाही, खाली जायचं नाही. त्या दोन्ही छान झाल्या. आणि तिसऱ्या उडीला मी चुकले.

आमचं ठरलं होतं ते असं. ५,५०० फुटांवर दोघींनी एकमेकींकडं पाठ करायची आणि लांब जायचं. ४,००० फुटांवर दोघींनी आपापलं पॅराशूट उघडायचं. त्या दिवशी सूर्य खाली आला होता, उजेड सोन्यासारखा होता. मैत्रीण माझ्याकडं बघून अशी हसली की मला वाटलं, हेच ते चित्र. कानाजवळ उंचीचा इशारा देणारं एक यंत्र असतं, ते वाजलं. मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मनात आलं, एवढं एक होऊ दे.

ती वळली, लांब जाऊ लागली. मी वळले नाही. तिच्या मागं गेले, टिपत. तिनं तिच्या उंचीवर पॅराशूट उघडलं. ते माझ्यापासून पन्नासेक फुटांवर उघडलं आणि क्षणात वर गेलं. खरं तर वर काही गेलं नव्हतं. ती थांबली होती, मीच खाली चालले होते. आणि मी मान वळवून ते रंगीत पॅराशूट फुलताना टिपत राहिले.

पुढं बघितलं तेव्हा मनगटावरचा काटा ३,००० फुटांच्या खाली होता. जमिनीवरच्या गाड्या दिसत होत्या. मी छत्री सोडली. पॅराशूट नीट उघडलं. उघडलं नसतं, तर राखीव पॅराशूटसाठी हाताशी फार थोडे सेकंद होते. पाठीवर एक यंत्रही असतं. माणूस सुमारे ७५० फुटांपर्यंत तसाच वेगानं पडत राहिला, तर ते आपोआप राखीव पॅराशूट उघडतं. पण ते शेवटचं आहे. त्याच्या भरवशावर उडी मारायची नसते.

खाली उतरल्यावर मैत्रीण माझ्याकडं आली. तिचे हात थरथरत होते. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू माझ्या वर असतीस तर?"

मी गप्प बसले. मी तिच्या वर असते, तर उघडणाऱ्या पॅराशूटवर त्याच वेगानं आदळले असते. दोघी गेलो असतो. तोवर मला वाटत होतं की धोका पत्करला तर माझा मी पत्करते. त्या प्रश्नानं ते खोटं ठरवलं. माझ्या एका चित्रापायी मी तिचा जीव पणाला लावला होता, तिला न विचारता.

शिक्षकांनी तो व्हिडिओ आमच्या समोर लावला. हसणारा चेहरा, सोनेरी उजेड, मग फुललेलं पॅराशूट. आणि त्यात इशाऱ्याचा आवाजही असावा असं मला वाटत राहिलं, पण वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला पुढच्या २५ उड्या कॅमेऱ्याशिवाय मारायला लावल्या. दर उडीनंतर वहीत लिहायचं, कुठल्या उंचीवर वळलीस, कुठल्या उंचीवर उघडलंस.

त्याच वेळी त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. १९८८ साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक माणूस दुसऱ्यांच्या उडीचं चित्रीकरण करायला विमानातून बाहेर पडला. नवखा नव्हता, ८०० हून जास्त उड्या झालेल्या होत्या. त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हतं. तो घालायला विसरला होता. चित्रीकरणाच्या साहित्याचं ओझं अंगावर होतं, त्यामुळं पॅराशूट असल्यासारखं वाटलं असावं, असं तेव्हा बोललं गेलं. तो वाचला नाही. ही गोष्ट सांगताना शिक्षकांचा आवाज खाली आला. म्हणाले, "शिकलेल्या माणसाचंही भान जातं. म्हणून भानावर विसंबू नये, सवयीवर विसंबावं."

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. विमानात चढण्याआधी आणि दारापाशी जाण्याआधी एकाच क्रमानं हात फिरवायचा. पाठीवरचं पॅराशूट, छातीचा पट्टा, पायाचे पट्टे, दोन्ही मुठी, छोटी छत्री, हनुवटीचा पट्टा. आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. एकमेकींचं सामानही बघायचं. कुणी मध्येच बोलायला आलं, तर पुन्हा पहिल्यापासून. ५,५०० फुटांवर इशारा वाजला की समोर काहीही असो, वळायचं. चित्र गेलं तर गेलं. विमान उद्या पुन्हा वर जाणार आहे.

आज माझ्या कॅमेऱ्याच्या शंभरेक उड्या झाल्या. तरी अजून नवशिक्यांना टिपायला मी जात नाही. ज्याला स्वतःला सावरता येत नाही, त्याच्याजवळ जायला आणखी तयारी लागते.

मैत्रिणींनो, आपल्या गटातल्या पोरी आता फोनवर छान व्हिडिओ काढतात. पापडाचे, गांडूळखताचे, शेततळ्याचे. काढाच. पण परवा मी एक पाहिला. त्यात पोरगी फोनकडं बघत विहिरीच्या काठानं मागं मागं सरकत होती. माझ्या पोटात गोळा आला. तिच्या पाठीशी कुणी उभं नव्हतं. पुढच्या वेळी एकजण टिपेल, तर दुसरीनं फक्त तिच्याकडं बघत उभं राहावं. आणि यंत्र चालू असेल तर पदर, ओढणी आधी खोचावी, मग फोन बाहेर काढावा.

तो तिसऱ्या उडीचा व्हिडिओ माझ्याकडं अजून आहे. यंदा पहिल्यांदा आईला दाखवला. तिनं शेवटपर्यंत पाहिला. कुठं चुकलं, ते तिला न सांगता कळलं. म्हणाली, "पोरगी हसली तिथंच तू वळायला पाहिजे होतंस."

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल. नमस्कार.