उपकरणांचें आयुष्य

पूर्वींच्या वस्तु टिकत, हल्लींच्या टिकत नाहींत, हें वाक्य जेथें ऐकूं येत नाहीं असें सुशिक्षित घर विरळाच. आजोबांचा रेडिओ तीस वर्षें वाजला, भिंतीवरचें घड्याळ चाळीस वर्षें चाललें आणि नातवाचा मोबाईल तिसऱ्या वर्षीं अडखळूं लागला, एवढ्या पुराव्यावर खटल्याचा निकाल दिला जातो. कोणी दोष कारखानदाराच्या लोभास देतो, कोणी नातवाच्या हौसेस. दोन्ही मतें अगदींच निराधार नाहींत; पण दुखणें ज्या ठिकाणीं आहे तेथवर दोहोंचाही हात पोहोंचत नाहीं.

जुन्या रेडिओच्या दीर्घायुष्याचें कारण केवळ त्याचें भक्कम लाकडी खोकें नव्हे. व्हॉल्व्ह गेला तर बदलतां येई, हें एक. आणि ध्वनिक्षेपणाची रीत वर्षानुवर्षें तीच राही, हें त्याहून महत्त्वाचें. केंद्रानें दर दोन वर्षांनीं लहरींची घडण बदलली असती, तर तोच संच शोभेची पेटी होऊन बसला असता. मोबाईलचें नेमकें असेंच होतें. त्याची कांच शाबूत असते, बटणें चालतात. परंतु ज्या कार्यप्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवर, तो चालतो ती जुनी ठरते, आणि तिच्या आधारानें चालणारीं ॲप्स मात्र दिवसेंदिवस जड होत जातात.

याचें ठळक उदाहरण महाराष्ट्रांत २०२१ सालीं घडलें, आणि त्यांत काय पणाला लागलें होतें हें समजून घेण्यास नंदुरबार जिल्ह्याकडे पाहावें. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. उत्तरेस सातपुडा आणि त्याच्या पायथ्याशीं पलीकडे नर्मदा. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील पाडे डोंगरांच्या घड्यांत विखुरलेले. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत येथील पांच वर्षांखालचीं निम्म्याहून अधिक बालकें वयाच्या मानानें कमी वजनाचीं आढळलीं. अशा ठिकाणीं मुलाचें वजन घेऊन तें वेळेवर कळविणें ही निव्वळ कारकुनी नव्हे; कोणत्या मुलास आज जादा आहार वा उपचार हवा, तें त्या आंकड्यावरून ठरतें. हें काम अंगणवाडी सेविका करते.

राज्यांतील एक लाखाहून अधिक सेविकांना शासनानें २०१९ सालीं मोबाईल दिले. त्यांची कार्यस्मृति २ जीबी. ही स्मृति म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा समजावा. कोठींत सामान कितीही भरलें तरी चिरणें, मळणें, शिजविणें होतें तें ओट्यावरच. आणि त्या ओट्याचा बराच भाग कार्यप्रणालीनें आधींच अडविलेला असतो. मार्च २०२१ मध्यें केंद्र सरकारचें ‘पोषण ट्रॅकर’ हें नवें ॲप आलें आणि ओटा पुरेना. फोन तापत, मध्येंच थिजत. कांहींवर तें ॲप उतरतच नसे. ॲपमध्यें मराठी नाहीं, ही तक्रार आणखी वेगळी. तोंवर फोनची दोन वर्षांची हमीही सरली, दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनांतून करण्याची पाळी सेविकांवर आली, आणि ऑगस्ट २०२१ मध्यें राज्यभर त्यांनीं ते फोन शासकीय कार्यालयांत नेऊन परत केले.

खेड्यांतील बायांना यंत्र वापरतां येत नाहीं, असा शेरा अशा वेळीं शहरांत सहज मारला जातो. तो निखालस अन्यायाचा आहे. यंत्र वापरल्यावांचून त्याचा दोष इतका अचूक सांगतां येत नाहीं. फोन मोडला नव्हता. त्याच्यावर घातलेलें ओझें वाढलें होतें, आणि ओझें वाढविणारा व फोन विकत घेणारा हे दोघे एकमेकांस विचारीत नव्हते.

बॅटरीचें दुखणें त्यामानानें साधें. लिथियमची बॅटरी सुमारें ५०० वेळां पुरती भरून रिती झाली कीं तिची धारणा ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि शहादा-तळोद्याच्या उन्हाळ्यासारखा ताप तिला मानवत नाहीं. पण बॅटरी बदलतां येते. मोबाईलची कार्यस्मृति वाढवितां येत नाहीं.

हा अनुभव डोंगराळ भागापुरता आहे असें शहरवासीयांनीं समजूं नये. २०१५ सालीं निघालेल्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिची पुढची आवृत्ति विशिष्ट सुरक्षा-व्यवस्था मागते, ती नसलेले कित्येक धडधाकट संगणक एका दिवसांत म्हातारे ठरले. ज्यांस थोडी खटपट चालते त्यांनीं अशा संगणकावर लिनक्स घालून पाहावें. पत्रलेखन आणि हिशेब यांस तेवढें पुष्कळ होतें. युरोपीय संघानें तर २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांसाठीं नियमच केला आहे: त्या प्रकारच्या फोनाची विक्री थांबल्यावरही निदान पांच वर्षें कार्यप्रणालीच्या सुधारणा मिळाव्यात आणि सुटे भाग सात वर्षें पुरवावेत. आपल्याकडील दुकानांत मात्र गिऱ्हाईक छायाचित्रें कशीं निघतात तेवढें विचारतो आणि पैसे मोजतो.

सेविकांच्या मागणीनंतर शासनानें नवे फोन देण्याचें ठरविलें. अशा खरेदींत स्मृति किती, एवढें पाहून भागत नाहीं. कार्यप्रणालीच्या सुधारणा किती वर्षें मिळणार, आणि ॲप वाढलें तर बदली फोन कोणाच्या खर्चानें येणार, हें निविदेंतच लिहून घ्यावें लागतें. धडगांवच्या वरच्या पाड्यांवरून दुरुस्तीचें दुकान गांठावयाचें तर सेविकेचा एक दिवस मोडतो, आणि त्या दिवशीं मुलांचीं वजनें घ्यावयास तेथें कोणी नसतें.