जुनी डिझेल मोटार आणि इंधनाची काटकसर



मोटार जुनी झाली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, विकून टाका. दुसरा म्हणतो, चालते आहे तोंवर चालवा. महिनाअखेर इंधनाच्या खर्चाचा आंकडा समोर आला म्हणजे मात्र दोघांचीही तोंडें सारखींच उतरतात. ऑक्टोबर २०१४ मध्यें केंद्र सरकारनें डिझेलच्या किंमतीवरील नियंत्रण उठविलें. तेव्हांपासून पेट्रोलच्या मानानें डिझेल फारच स्वस्त, हा जुना दिलासाही उरला नाहीं. ज्यांच्या दारीं १९९४ सालीं निघालेल्या टाटा सुमोसारखी किंवा १९९८ च्या अखेरीस निघालेल्या इंडिकासारखी यांत्रिक पंपाची डिझेल गाडी अजून उभी आहे, त्यांच्यासाठीं आजचे हे चार शब्द आहेत.

प्रथम एक भ्रम दूर करूं. टांकींत ओतण्याचीं औषधें, नळीला बांधण्याचीं लोहचुंबकें अशा वस्तूंच्या जाहिराती आपण पाहतों. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें अशीं शंभराहून अधिक साधनें तपासलीं. त्यांतील बहुतेकांपासून लक्षांत घेण्याजोगा लाभ आढळला नाहीं. जुन्या गाडींत जें इंधन वायां जातें, तें बहुधा राहून गेलेल्या देखभालीमुळें जातें. ती थकबाकी फेडणें हाच खरा उपाय होय.

याचें कारण डिझेल इंजिनाच्या रचनेंत आहे. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें, तेव्हां इंधनांतील उष्णतेचा सुमारें चौथा हिस्सा त्यांनीं कामीं लावला होता. या इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापविली जाते कीं तींत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. आपण पायानें पट्टी दाबतों ती हवा वाढविण्यासाठीं नव्हे, तर इंधन वाढविण्यासाठीं. हवा कमी पडली तरी पंप इंधन देतच राहतो. तें पुरतें जळत नाहीं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतें. काळा धूर म्हणजे आपण विकत घेऊन न वापरलेलें डिझेल, असें खुशाल समजावें.

म्हणून पहिली नजर हवेच्या फिल्टरवर. पारनेर, कर्जत, जामखेड हे आपल्या जिल्ह्याचे कोरडे तालुके. तेथील कच्च्या रस्त्यांवर उन्हाळ्यांत केवढी धूळ उडते हें सांगावयास नको. उत्तरेकडे गळिताच्या हंगामांत उसाच्या गाड्यांमागून जातांना तीच गत होते. पुस्तिकेंत फिल्टर बदलण्याचें जें अंतर दिलेलें असतें, तें स्वच्छ रस्त्यांसाठीं असतें. धुळीच्या मुलुखांत तें कमी धरावें.

दुसरी नजर इंधनाच्या वाटेवर. डिझेलच्या फिल्टरांत सांचलेलें पाणी वेळोवेळीं सोडून द्यावें. नोझल झिजलें म्हणजे बारीक फवाऱ्याऐवजीं थेंब पडूं लागतात. तें जाणत्या कारागिराकडून दाबावर तपासून घ्यावें. पंपाची वेळ चुकली असेल तर तीही त्याच वेळीं लावून घ्यावी. तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. इंजिनाच्या पाण्याच्या मार्गांतील ही छोटी झडप, ‘आपला प्रदेश उष्ण’ म्हणून कांहीं ठिकाणीं काढून टाकतात. परिणाम असा होतो कीं इंजिन आपल्या योग्य उष्णतेस, म्हणजे ऐंशी-नव्वद अंशांस, लवकर पोंचत नाहीं आणि तोंवर इंधन अधिक खातें. ती झडप पुन्हां बसवून घ्यावी.

आतां चाकें. टायरमधील हवा कमी असली कीं गाडी जणूं चिखलांतून ओढावी लागते. पंधरा दिवसांनीं एकदां, टायर थंड असतांना, हवा तपासावी. ब्रेक चिकटून राहतात काय, हेंही पाहावें. प्रवासानंतर एखादें चाक इतरांहून अधिक तापलेलें आढळलें, तर समजावें कीं तें चाक ब्रेक अडवून धरीत आहे.

यंत्र नीट झाल्यावर पाळी चालकाच्या पायाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं साठ किलोमीटरांवरून ऐंशींवर गेलों कीं तो जवळजवळ पावणेदोनपट होतो. नगर-पुणें रस्त्यावर ऐंशीऐवजीं साठनें गेल्यास अर्धा तास अधिक लागेल, पण टांकी त्याची साक्ष देईल. छपरावरचा रिकामा कॅरियरही उगाच वारा अडवितो.

पाथर्डीच्या वाटेवर करंजीचा घाट उतरतांना कित्येकजण गिअर सोडून, नव्हे इंजिन बंद करूनही गाडी घरंगळत नेतात. ही काटकसर खोटी आणि जीवघेणी आहे. गिअर घातलेला असून पट्टीवरचा पाय काढला, तर पंप इंधन देणें थांबवितो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालूं राहण्यापुरतें तें जळतच राहतें. इंजिन बंद केलें तर ब्रेकला मिळणारें साहाय्यही जातें. पायाखालीं ब्रेक कठीण होतो, आणि तेंही उतारावर!

या सर्वांचें फळ मिळालें कीं नाहीं, हें मोजल्यावांचून कळत नाहीं. नगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. तेथें वाहनें चाचणीच्या रस्त्यांवर चालवून पारखतात. तिचें सूत्र घरींही पाळतां येतें. टांकी पूर्ण भरा, किलोमीटर टिपा. पुन्हां पूर्ण भरतांना किती लिटर लागलें तें लिहा आणि भागाकार करा. एका वेळच्या आंकड्यावर विसंबूं नका. तीन-चार वेळांची सरासरी घ्या. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला चौदाऐवजीं सोळा किलोमीटर देऊं लागली, तर वर्षाला शंभराहून अधिक लिटर वांचतात. एक लिटर डिझेल जळलें कीं सुमारें पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. तोही तितकाच कमी होतो.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इंजिनाचा दाब उतरला असेल, निळसर धूर निघत असेल आणि वंगणतेल दर आठवड्यास ओतावें लागत असेल, तर वरील उपाय पुरे पडणार नाहींत. तेथें इंजिन बांधून घ्यावें किंवा गाडीला निरोप द्यावा. कारण तो धूर केवळ आपल्या खिशाचा प्रश्न नसतो. मागून सायकलीवर शाळेंत जाणारें मूल तोच श्वासांत घेत असतें. आपली गाडी जुनी असल्याबद्दल कोणी दोष देणार नाहीं, पण तिचा धूर दुसऱ्यानें गिळावा, हें मात्र न्यायाचें नव्हे.