अल्प खर्चात जाहिरात : फिरत्या डीजे व्यवसायाच्या निमित्ताने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील युवक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि दिल्लीतील मराठ्यांचा इतिहास अशा विषयांच्या पंक्तीला डीजेच्या जाहिरातीचा विषय येऊन बसावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हा विषय मी मागून घेतला आहे. आपल्या मंडळातील काही तरुणांनी नोकरीची वाट पाहणे सोडून ध्वनियंत्रणा खरेदी केली आहे, त्यासाठी कोणी मुद्रा योजनेतून कर्ज काढले आहे, कोणाच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम दिली आहे. यंत्रे घरात आली, हप्ते सुरू झाले आणि मग प्रश्न पडला की, कामे कोठून आणावयाची? खरेदीतच सारे भांडवल संपल्यामुळे जाहिरातीसाठी हाती उरते ते फार थोडे. त्या थोड्याचा विनियोग कसा करावा, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. मी केंद्र शासनाचा सेवक आहे आणि १९६४ च्या आचारनियमांनुसार मला स्वतःला कोणताही व्यापार करता येत नाही. तेव्हा मी कोणाची जाहिरात करीत आहे, असा संशय कृपया घेऊ नये. माझी पात्रता एवढीच की, दिल्लीतील वास्तव्यात लग्नघरांची गडबड मी पाहुणा म्हणून जवळून पाहिली आहे आणि फायली वाचण्याची सवय असल्याने नियम वाचण्याचा मला कंटाळा येत नाही.

जाहिरात म्हटली की, आपल्या डोळ्यांसमोर मोठा फलक येतो. परंतु लग्नाचा यजमान डीजे ठरवितो तेव्हा त्याच्या मनात काय चाललेले असते? आवाज किती वॉटचा, दिवे किती रंगांचे, याचा विचार तो क्वचित करतो. त्याच्या मनात भीती असते. हा मुलगा वेळेवर येईल ना? ऐन जयमालेच्या वेळी यंत्र बंद पडले तर? मद्यप्राशन करून कोणी माईक हिसकावला तर तो सांभाळील का? आगाऊ रक्कम घेऊन दिसेनासा तर होणार नाही? विवाहसमारंभ पुन्हा करता येत नाही. त्यामुळे ग्राहक आवाज विकत घेत नाही, निश्चिंतता विकत घेतो. ही गोष्ट मान्य केली की, अल्प खर्चाच्या जाहिरातीचा सारा मार्ग उलगडतो. कारण यजमानाची भीती घालविण्यास पैसा फारसा लागत नाही, दक्षता मात्र पुष्कळ लागते.

आपल्यात गलाईच्या धंद्यातील काही कुटुंबे आहेत. खानापूर, आटपाडी, विटे या भागांतून निघालेली ही मंडळी देशातील बहुतेक सराफ बाजारांत पोहोचली. परका सराफ आपले सोने या परमुलुखातील माणसाच्या हाती वितळविण्यास देतो तो कोणता फलक वाचून? अगोदर व्यवहार केलेल्या दुसऱ्या सराफाने भरवसा दिलेला असतो. डीजेचा धंदा वरून कितीही झगमगीत दिसला तरी त्याची पाळेमुळे याच भरवशात आहेत.

तथापि भरवसा आपोआप पसरतो, चांगले काम केले की झाले, असे समजून स्वस्थ बसणे हा आपला मराठी स्वभावदोष आहे. गुजराती माणूस म्हणतो, बोलणाऱ्याची बोरे विकली जातात. काम उत्तम करावे आणि ते उत्तम झाल्याचे चार लोकांना कळेल अशी तजवीजही करावी.

या तजविजीचा एक नामांकित दाखला सांगतो. महात्मा गांधी, पंडित नेहरू यांच्या सभांची जुनी छायाचित्रे आपण पाहिली असतील. मायक्रोफोनपाशी अनेकदा एक लहानशी पाटी दिसते : ‘शिकागो रेडिओ’. नाव परदेशी असले तरी कंपनी आपल्याच देशातील, ग्यानचंद मोटवाने यांची. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये ध्वनिक्षेपकांची व्यवस्था तिने केली होती. छायाचित्रकार पुढाऱ्यांची छबी टिपत होते आणि त्या प्रत्येक छबीबरोबर ही पाटी वृत्तपत्रांतून घरोघरी जात होती. आता आपल्या तरुणांच्या टेबलाकडे पाहा. पुढे काळे कापड, त्यावर लुकलुकणारे दिवे, नाव कोठेच नाही. लग्नात दोनतीनशे माणसे आपापल्या भ्रमणध्वनीवर चित्रे घेत असतात आणि त्यांतील कित्येकांच्या घरी वर्षा-दोन वर्षांत काही ना काही कार्य निघणार असते. टेबलाच्या दर्शनी बाजूस स्वच्छ अक्षरांत नाव आणि क्रमांक असलेली पाटी एकदा करून घ्यावी, ती वर्षानुवर्षे पुरते. अक्षर मात्र मोठे आणि साधे असावे. अंधारात, नाचणाऱ्यांच्या मागून ते वाचता आले पाहिजे.

भिंतींवर पत्रके चिकटविण्याचा मोह टाळावा. २००७ च्या दिल्ली मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानुसार या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या पत्रकावर आपणच आपला क्रमांक छापलेला असतो, म्हणजे आरोपीचा शोध घेण्याचे श्रमही पोलिसांना उरत नाहीत!

आता विनामूल्य साधनांकडे वळू. गूगलवर व्यवसायाची नोंद करण्यास पैसे पडत नाहीत. आपला धंदा फिरता असल्याने घरचा पत्ता लोकांना न दाखविता केवळ कोणत्या भागांत सेवा देतो एवढेच तेथे नोंदविता येते. ही नोंद करून देतो म्हणून पैसे मागणारे दूरध्वनी येतात, त्यांना नम्रपणे नकार द्यावा. तेच उद्यम नोंदणीविषयी. शासनाच्या संकेतस्थळावर ती विनाशुल्क होते, आणि कार्यालये व शाळा यांची कामे मिळवायची असतील तर रीतसर बिल व नोंदणी असलेला माणूसच हिशेब विभागाला सोयीचा वाटतो, हे मी अनुभवाने सांगतो.

गूगलच्या नोंदीचे खरे बळ ग्राहकांच्या अभिप्रायांत आहे. कार्य झाल्यावर दोनतीन दिवसांत, पाहुणे परतल्यावर आणि घर शांत झाल्यावर, यजमानास संदेश पाठवून अभिप्राय मागावा. कोणत्या गोष्टीचे समाधान वाटले तेवढे लिहा, असे सुचवावे. ‘फारच छान’ या अभिप्रायाने पुढच्या ग्राहकाचे काहीच काम होत नाही. ‘वीज गेली, परंतु दोन मिनिटांत संगीत पुन्हा सुरू झाले’ या एका वाक्याने त्याची निम्मी भीती जाते. मित्र आणि आतेभाऊ-मामेभाऊ यांच्याकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत, अभिप्रायाच्या बदल्यात सवलतही देऊ नये. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी मानकच प्रसिद्ध केले आहे. पण मानक दूर राहो, वाचणाऱ्यालाही खोटेपणाचा वास येतोच.

चित्रफितीच्या बाबतीत थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे तरुणांचे चुकते आणि नुकसान मोठे होते. बहुतेक चित्रफितींत दिवे, धूर आणि कन्सोलवर फिरणारी बोटेच दिसतात. यजमानाला त्यात रस नाही. नाचणारी आजी, ओळीने फेर धरलेल्या मामी-मावश्या, भरलेला मंच, हे त्याला पाहायचे असते. आणि नेमके तेच दाखविण्याचा आपणास अधिकार नसतो! दुसऱ्याच्या घरच्या लेकीसुनांचे नृत्य अनुमतीवाचून जगापुढे मांडणे असभ्य आहे आणि एका घराची तक्रार दहा घरांत पोहोचते. म्हणून काम ठरविताना लेखी विचारावे : अर्ध्या मिनिटाची चित्रफीत दाखविण्यास आपली संमती आहे काय? ‘नाही’ म्हटले तर काटेकोरपणे पाळावे. मला तर वाटते की, ‘आपल्या अनुमतीशिवाय एकही चित्र प्रसिद्ध होणार नाही’ हे वाक्य दरपत्रकावर छापणे हीच एक उत्तम जाहिरात आहे.

दरपत्रकाचा विषय निघालाच आहे. दूरध्वनीवर आकडा सांगून मोकळे होणारे पुष्कळ. एका पानावर लिहून द्या : किती तास, कोणती यंत्रे, जादा मिक्सर आणि लॅपटॉप सोबत असतील की नाही, जनरेटर कोणाचा, आगाऊ रक्कम किती, कार्य रद्द झाल्यास परतावा किती. नववर्षाच्या किंवा कार्यालयाच्या समारंभात गीतांच्या स्वामित्वहक्काचे शुल्क कोण भरणार, तेही लिहावे. विवाहसमारंभाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, अन्य समारंभांना ती सरसकट नाही. असे पान व्हॉट्सॲपवर पाठविण्यास काय पडते? परंतु तीन डीजेंची तुलना करणाऱ्या वधूपित्याच्या हाती ते एकच लेखी पान असते.

तसेच आवाजाचे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या गावाकडे भिंतीएवढ्या स्पीकरांना ‘डॉल्बी’ म्हणतात. वस्तुतः रे डॉल्बी यांची कीर्ती झाली ती ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. नावाचे असे दैव क्वचितच फिरते! असो. सांगायचे ते हे की, दहाच्या नियमाकडे अडचण म्हणून पाहू नये. गृहसंकुलाच्या चिटणिसाला जाऊन भेटावे आणि सांगावे की, आम्ही दहाच्या ठोक्याला उघड्यावरचा आवाज बंद करतो, पोलीस आपल्या दारी येणार नाहीत. सामुदायिक सभागृह कोणाला मिळाले, हे सर्वांत आधी त्यालाच कळते.

मोठ्या बँक्वेट हॉलांच्या मागे प्रारंभी लागू नये. अनेकांचा डीजे ठरलेला असतो आणि बाहेरच्याकडून ते वेगळी रक्कम मागतात. छायाचित्रकार, सजावटवाले, आचारी, मेंदी काढणाऱ्या भगिनी यांच्याशी मैत्री करावी. त्यांना यजमान आधी भेटलेला असतो. त्यांची शिफारस आपणही करावी, म्हणजे देवघेव बरोबरीची राहते.

खर्च कधी करावा, यालाही महत्त्व आहे. उत्तरेत प्रबोधिनी एकादशीनंतर लग्ने सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमासात थांबतात, मार्चच्या मध्यापासून महिनाभर पुन्हा खंड पडतो. ऐन हंगामात जाहिरात करणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणे. जो थोडा पैसा इन्स्टाग्रामवरील सशुल्क जाहिरातीत घालायचा तो भाद्रपद-आश्विनात, आपल्या घरापासून दहा-बारा किलोमीटरच्या परिघापुरताच घालावा. साऱ्या राजधानीला जाहिरात दाखवून गुरुग्रामहून आलेले काम यमुनापारच्या मुलाला भाड्याच्या टेंपोपायी परवडत नाही.

आणि प्रत्येक विचारणेची नोंद वहीत करावी : आमचा क्रमांक कोठून मिळाला? समजा, वृत्तपत्रांतून पत्रके टाकण्यास ६,००० रुपये गेले, चाळीस दूरध्वनी आले आणि दोन कामे ठरली. म्हणजे एका कामामागे ३,००० रुपये पडले. समजा, नावाच्या पाटीला २,००० रुपये लागले आणि तिच्यावरून चार कामे आली. तेथे कामामागे ५०० पडले. चाळीस दूरध्वनींच्या खणखणाटाने मन सुखावते, परंतु वही वेगळेच सांगते. हंगामाच्या शेवटी वहीचे ऐकावे.

एक क्षेत्र असे आहे की, तेथे आपल्या मुलांशी स्पर्धा करणे इतरांना अवघड आहे. आपल्या घरांतून आता पंजाबी, बंगाली, गढवाली सुना व जावई येत आहेत. त्या लग्नात एका बाजूला भांगडा हवा असतो, दुसऱ्या बाजूच्या काकूंना हळदीची मराठी गाणी हवी असतात, आणि ‘झिंगाट’ दोघांनाही चालते. दिल्लीतील सामान्य डीजेकडे मराठी गाण्यांची यादी तेवढ्या एका गीतावर संपते. मंगलाष्टके चालू असताना आवाज कोणत्या क्षणी थांबवायचा आणि अक्षता पडताच वाजंत्री कशी सुरू करायची, हे त्याला कोणी शिकवायचे? बारसे, डोहाळजेवण, मुंज हीही कामे आहेत. रक्कम लहान, पण दुपारची आणि खरमासाच्या बाहेरच्या दिवसांतही मिळणारी. ‘मराठी व उत्तर भारतीय, दोन्ही पद्धतींच्या कार्यांसाठी’ अशी एक ओळ नावाखाली घालावी. दिल्ली, नोएडा, फरिदाबाद, गाझियाबाद येथील मराठी मंडळांना ती ओळ पोहोचविण्यास टपालखर्चही लागत नाही.

शेवटी कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या स्नेहसंमेलनात ही मुले ध्वनियंत्रणा लावतात आणि ‘घरचाच आहे’ म्हणून आपण त्यांच्या हाती नारळ व उपरणे देतो. तो मान त्यांना आवडतो, यात शंका नाही. बँक मात्र हप्त्यात नारळ स्वीकारीत नाही. या वर्षीच्या समारोपासाठी त्यांच्याकडून रीतसर दरपत्रक मागवावे, ठरलेली रक्कम बिल घेऊन द्यावी आणि टेबलापुढे त्यांच्या नावाची पाटी लावू द्यावी. सभागृहात त्या दिवशी तीनशे कुटुंबे असतील. दरपत्रकाचा एक कोरा नमुना मी तयार करून आणला आहे, तो चिटणीसांकडे ठेवतो. ज्यांना हवा असेल त्यांनी प्रत करून न्यावी.