दान भिंतीला की माणसाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंखा, फरशी, घड्याळ येतं, आणि त्यावर नाव. मी आज दुसऱ्या तऱ्हेच्या दानाविषयी बोलणार आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे.

तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या होत्या. पैसा गोऱ्यांच्या शाळेला, यांच्या शाळेला उरलंसुरलं. एक खोली, एक मास्तर, विचारणारं कोणी नाही. १९०७ साली फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स या वयस्कर बाईंनी (हसू नका पोरांनो, आडनाव आहे ते) खेड्यांतल्या या शाळांसाठी दहा लाख डॉलर दिले. त्यातून शाळाशाळांत फिरून शिक्षकांना हाताशी धरणाऱ्या शिक्षिकांचा पगार निघू लागला.

त्यातली पहिली व्हर्जिनिया रँडॉल्फ. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. ती हेन्रिको परगण्यात एका खोलीची शाळा चालवी. तिने शाळेला चुना लावला, आवार साफ केलं, मुलांना शिवण, स्वयंपाक शिकवला. तेव्हा आईबापच चिडले. पोरं शिकायला पाठवलीत, राबायला नाही! मला विचाराल तर त्यांचा राग खोटा नव्हता. पण बाई घरोघर गेली, पालकांना जवळ केलं. १९०८ साली तिच्याकडे परगण्यातल्या वीसहून जास्त शाळांची देखरेख आली. पुढे अशा शिक्षिका दक्षिणेत सगळीकडे नेमल्या गेल्या. हे काम १९६८ पर्यंत चाललं.

गिरणीत आम्ही पाहिलंय. साचे तेच, सूत तेच. जॉबर समजूतदार असला तर नवशिका लवकर तयार व्हायचा, नसला तर पळून जायचा.

शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ पासून शाळा बांधायला मदत सुरू केली. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याच सुमाराची ही गोष्ट. १९३२ पर्यंत पाच हजारांवर इमारती झाल्या. अट अशी की गावानेही काढावं आणि सरकारनेही. रोझेनवाल्डकडून सुमारे ४३ लाख डॉलर आले, काळ्या लोकांकडून सुमारे ४७ लाख! कापसाच्या शेतात राबणारी ही माणसं. कर आधीच भरलेला, वर पुन्हा वर्गणी. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे. आणि नाव पडलं रोझेनवाल्ड शाळा. हे मला खुपतं. दात्याने द्यावं, पण सरकारला मोकळं सोडू नये.

आपल्या कमानीसाठी वर्गणी जमतेय. माझं म्हणणं, त्यातला काही भाग काढून वस्तीतली एक शिकलेली मुलगी पगारावर नेमा. ती महापालिकेच्या शाळेत जाईल, मुख्याध्यापकांना भेटेल, गळलेल्या मुलांच्या घरी जाईल. खडू, बाकं, नळ मात्र महापालिकेनेच द्यायचे, त्यासाठी अर्ज आपण करू.

समितीची बैठक रविवारी आहे. माझे पाचशे रुपये या कामासाठी लिहून घ्या. पाटीवर नाव नको. जयभीम.