आजीला काय म्हणावं?

नातवंडानं आजीला कोणती हाक मारावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण लेकराच्या तोंडची हाक एकदा रूढ झाली की सुना, शेजारणी, सारी गल्लीच त्या बाईला त्याच नावानं ओळखू लागते. मग ते नाव ठरवताना तिला विचारायला नको का?

आपला कंधार भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथं मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू शेजारी नांदल्या. उर्दूत बापाची आई ती दादी, आईची आई ती नानी. तेलुगूत एक नानम्मा, दुसरी अम्मम्मा. कानडीत मात्र दोघीही अज्जी. आणि आपल्याकडंही दोघी आजीच! काका-मामा, आत्या-मावशी असा भेद काटेकोर पाळणारी मराठी इथं दोघींना एकाच पाटावर बसवते. घोटाळा होऊ लागलाच तर गावाचं नाव जोडावं : कंधारची आजी, मुखेडची आजी.

एखादं लेकरू आजीला 'माय' म्हणतं. म्हणू द्यावं. गुरुजींनी पाटीवर 'आजी' हा शब्द जरूर गिरवून घ्यावा, पण घरची हाक चूक ठरवू नये. त्या हाकेला ओ देणारं माणूस घरी बसलेलं आहे.

तेव्हा मंडळी, बारशाला लेकराचं नाव ठेवाल, त्याच दिवशी सासूबाईंना आणि विहीणबाईंनाही विचारा, "लेकरानं तुम्हाला काय म्हणावं?"