सीट हलत नसेल तर आधी काय पाहावं?

मी दिग्रसहून बोलते आहे. आमचं इथं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. घरच्यांच्या हाताखाली काम करता करता मीही ते शिकले. आज मी गाडीच्या सीटबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, सीटमध्ये बोलण्यासारखं काय असतं? पण आता आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी चालवतात. बचत गटाच्या बायांनी गावोगावी प्रवासी गाड्या चालवाव्यात म्हणून सरकारनं २०१७ मध्ये आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना सुरू केली. गाडी हातात आली की तिची दुखणीही आपल्याच दारात येतात.

पोळ्यानंतरची गोष्ट सांगते. जवळच्या गावातली एक ताई दुकानात आली. तिच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यवतमाळला न्यावं लागतं. नवरा पुण्यात नोकरीला, म्हणून गाडी तीच चालवते. गाडी जुनी घेतलेली, पण मोठी. बटण दाबलं की सीट पुढं-मागं आणि वर-खाली होते. नवरा पोळ्याला आला, तो उंच, त्यानं सीट पार मागं नेली. दोन दिवस झडीचा पाऊस होता आणि काच थोडी उघडी राहिली. तो पुण्याला गेला, आणि सीट मागं अडकली ती अडकलीच.

"ताई, पाय पुरत नाही हो ब्रेकपर्यंत," ती म्हणाली. "पाठीमागं दोन उशा लावून आले."

आधी तिला रागावलेच मी. उशी लावून गाडी चालवू नका, बायांनो. जोरात ब्रेक दाबायची वेळ आली की उशी दबते, सरकते आणि पाय हुकतो. एका गॅरेजमध्ये तिला सांगितलं होतं की मोटार जळाली, सगळी सीटच बदला, अठरा हजार लागतील. गटातून कर्ज काढायचं तिनं मनाशी ठरवलंही होतं.

मी तिला एकच विचारलं, "काय काय चालतं आणि काय काय चालत नाही?" ती म्हणाली, "काहीच चालत नाही. पुढं नाही, मागं नाही, वर नाही, खाली नाही. आवाजसुद्धा नाही."

इथंच अर्धा दोष सापडला. अशा सीटखाली एक मोटार नसते. सरकवायची वेगळी, उचलायची वेगळी, पाठीची वेगळी. तिन्ही मोटारी एकाच दिवशी कशा जळतील? घरातला एक बल्ब गेला तर आपण बल्ब पाहतो. सगळं घर अंधारात गेलं तर मीटरकडं जातो. सीटचंही तसंच आहे. सगळंच बंद असेल तर तिन्ही मोटारींना जे सामाईक आहे ते तपासायचं: बॅटरी, फ्यूज, येणारी वायर आणि अर्थची वायर. एकच हालचाल बंद असेल तर त्या हालचालीचा स्विच किंवा मोटार. सीट पुढं जाते पण मागं येत नाही, तर बहुतेक स्विच. कारण मोटार तीच असते, स्विच फक्त करंटची दिशा उलटवतो. मोटार गरगर फिरल्याचा आवाज येतो पण सीट जागची हलत नाही, तर आतला गिअर किंवा केबल तुटली असेल. तिथं वायरिंगचा दोष नाही. आणि बटण दाबताच दिवे मंद होतात पण सीट हलत नाही, तर पटरीत काही अडकलंय का ते बघा. नाणं, पेन, पाण्याची बाटली, लेकराचं खेळणं, काहीही निघतं.

आता तपासायचं कसं ते सांगते. लागतो फक्त १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प. त्याला एका बाजूला चिमटा असतो, दुसऱ्या बाजूला टोक.

आधी बॅटरी पाहिली. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण साडेबारा व्होल्ट दाखवते. तिची ठीक होती. मग फ्यूज. चिमटा बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावला, चावी चालू केली आणि फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही बारीक टोकांना लॅम्प लावून पाहिला. दोन्हीकडं पेटला, म्हणजे फ्यूज चांगला. एकाच बाजूला पेटला असता तर फ्यूज उडालेला समजायचा.

मग सीटखालच्या जाड वायरींच्या कपलरवर आले. आलेल्या वायरीला टोक लावलं, लॅम्प पेटला. म्हणजे करंट सीटपर्यंत येत होता. आता चिमटा बॉडीवरून काढून सीटच्या अर्थच्या वायरीला लावला. लॅम्प पेटलाच नाही! चोर सापडला.

असं का झालं? अरुणावतीच्या कालव्याचं पाणी शेतात सोडलं की ते परत धरणात जात नाही. विजेचं तसं नसतं. ती बॅटरीतून निघते, मोटार फिरवते आणि तिला परत बॅटरीकडं जावंच लागतं. गाडीत ही परतीची वाट बॉडीच्या लोखंडातून जाते, आणि सीटची वायर त्या लोखंडाला एका बोल्टनं जोडलेली असते. तिच्या गाडीत चटईखाली पावसाचं पाणी साचलं होतं. बोल्ट गंजला आणि वाट बंद झाली.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं आणि परत घट्ट आवळला. चटई उन्हात वाळवली. बॅटरी जोडून बटण दाबलं आणि सीट सरकत पुढं आली. ताईचे डोळे भरून आले. अठरा हजारांचं काम दोनशे रुपये मजुरीत झालं. दुसऱ्या दिवशी सासूबाई वेळेवर डायलिसिसला पोचल्या.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, सीटखाली पिवळा कपलर किंवा पिवळी वायर दिसली तर हात लावू नका, टेस्ट लॅम्प तर मुळीच लावू नका. ती एअरबॅगची किंवा सीट बेल्टची असते. चुकून उडाली तर जबर इजा होते. दुसरी, उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावा. रंगावरून कळतं: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. मोठा फ्यूज, तार किंवा चांदीचा कागद लावला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते, गाडी पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर आणखी फ्यूज घालत बसू नका. वायर कुठंतरी लोखंडाला चिकटली आहे किंवा उंदरानं कुरतडली आहे. तिसरी, तपासताना गाडी उभी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, लेकरं दूर असावीत. चौथी, हे सगळं गाडीच्या १२ व्होल्टचं आहे. घरच्या २३० व्होल्टच्या लाईनवर असले प्रयोग मुळीच करू नका, जीव जाईल.

तुम्ही सगळ्यांनी पाना हातात घ्यावा असं माझं म्हणणं नाही. पण गॅरेजमध्ये उभं राहून एवढं तरी विचारा: "भाऊ, फ्यूज पाहिला का? करंट कुठपर्यंत येतो? अर्थ तपासला का? लॅम्प लावून मला दाखवा." चांगला कारागीर या प्रश्नांवर रागवत नाही, तो आनंदानं दाखवतो. दोष दाखवल्याशिवाय महागाचा पार्ट बदलायला हो म्हणू नका. आणि घरात दहावी झालेली मुलगी असेल तर आयटीआयच्या यादीत मोटार मेकॅनिकचाही कोर्स असतो, तो दोन वर्षांचा आहे, हे तिला सांगा.

ती ताई आता गाडीत बसली की आधी सीट जुळवते, पाय ब्रेकपर्यंत नीट पोचतो का ते पाहते आणि मगच चावी फिरवते. तुम्हीही तसंच करा.