स्नेहाच्या नगरीत आपले स्वागत
(स्वागताध्यक्षीय भाषण)

सन्माननीय अध्यक्षमहाराज, दूरदूरहून आलेले संशोधक आणि प्रतिनिधी बंधुभगिनींनो,

बोरी नदीच्या काठी वसलेल्या, संत सखाराम महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या या अमळनेर नगरीत आपणां सर्वांचे स्वागत करण्याचा मान मला मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो.

आमच्या गावची ओळख श्रीमंत प्रतापशेठ यांच्या नावापासूनच सुरू व्हावयास हवी. कापडगिरणीच्या या मालकाने १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले, दूरदूरच्या अभ्यासकांच्या निवासाची व निर्वाहाची तजवीज केली, आणि ज्या गावाचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवे व मावळे, त्याच गावातून १९२५ पासून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. साने गुरुजी याच मंदिरात अध्ययनासाठी आले आणि १९२४ पासून ६ वर्षे येथील हायस्कुलात शिक्षक होऊन राहिले. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी ज्या वनस्पती तुपाच्या कंपनीची स्थापना केली, तिचा कारखानाही येथलाच. तीच कंपनी पुढे विप्रो या नावाने जगात गेली.

आपल्या या परिषदेचा विषय स्निग्ध पदार्थांचा, आणि माझे आयुष्यही तेलाच्या पेढीवर गेले. डबा ओतताना पाण्याच्या हंड्यात पडलेला थेंब पाण्याशी समरस न होता तवंग होऊन पसरतो, इतकेच मला ठाऊक होते. परंतु पाण्याशी असलेल्या अशाच, पण अर्ध्या वैराच्या बळावर स्निग्ध रेणू पेशीभोवती दुपदरी आवरण घालतात, आणि ते आवरण निरोपही देते, हे आपल्यातील एका विद्वानांनी मला समजावून सांगितले. १९५३ साली होकिन दांपत्याला कबुतराच्या स्वादुपिंडाच्या चकत्यांत असे दिसले की, ॲसिटिलकोलीन लावताच तेथील फॉस्फोलिपिडांत, म्हणजे आवरणाच्या याच स्निग्ध रेणूंत, किरणोत्सारी फॉस्फरस झपाट्याने शिरतो. पुढे उलगडले ते असे की, बाहेरून हुकूम येताच फॉस्फोलिपेज सी हे विकर आवरणातील एका स्निग्ध रेणूचे दोन तुकडे करते. एक तुकडा आवरणातच राहून प्रोटीन कायनेज सी या विकराला जागे करतो, तर दुसरा आत जाऊन कॅल्शियमचे कोठार मोकळे करतो. चरबीच्या पेशीचेही तसेच: पोटात अन्न असता इन्सुलिन तिच्या लायपेज विकरांना आवरून धरते, आणि उपवासात तो आवर सुटला की साठविलेली चरबी मेदाम्ले होऊन शरीराच्या कामी येते. संचयाचे मोल तो हाकेसरशी मोकळा होण्यात आहे. आमच्या प्रतापशेठांनी हेच आचरून दाखविले.

आता क्षमायाचना. छात्रालयाच्या खोल्या लहान आहेत, स्नानाचे ऊन पाणी सर्वांना एकाच वेळी पुरणार नाही, आणि खानदेशी भाजीचा तिखटपणा पाहुण्यांना सोसेल की नाही, या चिंतेने समितीची झोप उडाली आहे. आमच्या उणिवा आपण पदरात घ्याव्यात. तीन दिवसांचे शेंगदाणा तेल विनामूल्य देणारे गिरणीमालक, धान्य पुरविणारे आडते, पाण्याचा बंदोबस्त करणारे नगरपरिषदेचे कर्मचारी, देणगीची पावतीही न मागणारे हमाल बांधव, आणि पहाटेपासून खापरावर मांडे भाजणाऱ्या भगिनी, या सर्वांचे ऋण मी जाहीरपणे मान्य करतो.

शेवटी एक विनंती. निघण्यापूर्वी आपल्यापैकी काहींनी तरी येथील शाळांत जाऊन, आपण काय शोधले ते मुलांना मराठीत सांगावे. साने गुरुजींच्या या गावाला याहून मोठी देणगी नको.